घराचा जीर्णोद्धार : सारवणापासून टाइल्सपर्यंत

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार गावकऱ्यांच्या श्रमाने व देणगीदारांच्या सढळ हाताने पार पडत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत मंदिराविषयी जाणकार मंडळींनी लिहिलेच आहे. प्रस्तुत लेखात मात्र देवळाकडून थोडे घराकडे वळावयाचे योजले आहे. देवळाचा जीर्णोद्धार शंभर वर्षांत एकदा होतो, घराचा दर पावसाळ्याआधी होतो. देवळाच्या कामाची पावती फाटते, नाव कोरले जाते, स्मरणिका निघते. घराच्या डागडुजीची नोंद कोणी ठेवीत नाही. वास्तविक ज्या हातांनी देऊळ उभे राहिले, त्याच हातांनी घरे सावरली. एका कामातले शहाणपण दुसऱ्या कामात गेले आणि चुकाही तशाच गेल्या.

'जीर्णोद्धार' हा शब्दच पाहावा. जे जीर्ण झाले आहे त्याचा उद्धार करणे, म्हणजे ते मुळात जे होते त्या योग्यतेला पुन्हा पोचविणे. जुने दिसेनासे करणे हा त्याचा अर्थ नव्हे. 'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील म्हणत आले. घर दुरुस्त करून पाहावे असे कोणी म्हटले नाही, पण अनुभव असा आहे की बांधण्यापेक्षा दुरुस्तीलाच अधिक विचार लागतो. नव्या घरात काय आहे ते आपणास ठाऊक असते. जुन्या भिंतीच्या पोटात काय आहे ते ती उघडल्याशिवाय कळत नाही.

डागडुजी हा घरचाच उद्योग

शंभर वर्षांपूर्वीचे खेड्यातले घर डोळ्यांसमोर आणावे. देशावर पांढऱ्या मातीच्या नाहीतर दगडमातीच्या भिंती, कोकणात जांभ्याचा चिरा. पुढे ओटा, मग ओसरी, आत माजघर, स्वयंपाकघर आणि मागच्या दाराशी न्हाणी. घराचे माप फुटांत नव्हे तर खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. पाच खणांचे घर म्हटले की ऐकणाऱ्याला घराचा अंदाज यायचा. खांब, तुळया, कडीपाट यांचा लाकडी सांगाडा वरचा भार पेली आणि भिंत मुख्यतः ऊन, वारा व चोर यांना अडवी. हा सांगाडा पुढे आपल्या विवेचनात पुन्हा येणार आहे, तेव्हा तो ध्यानात ठेवावा.

या घराची दुरुस्ती ही वर्षाची रीत होती आणि तिचे वेळापत्रक पंचांगात बसलेले होते. मृग लागण्यापूर्वी छप्पर शाकारावयाचे, नळीची कौले परतावयाची, फुटकी काढून नवी घालावयाची. मराठवाड्यात व सोलापूरकडे माळवदाच्या घरांवर मातीचा नवा थर द्यावयाचा. पावसाळा सरला की दसरा-दिवाळीच्या आत भिंती पोतेऱ्याने सारवून घ्यावयाच्या, ओटा चोपण्याने चोपावयाचा, जमीन शेणाने सारवावयाची. यापैकी बरेचसे काम घरच्या स्त्रियाच करीत. सारवलेली जमीन पायाला गार, बसायला मऊ, आणि उखडली तर दुसऱ्या दिवशी घरच्या घरी नीट होई. सुतार व गवंडी यांना बोलवावे लागे ते मोठ्या कामासाठीच, आणि त्यांचे देणे बलुत्याच्या धान्यातून अथवा रोजावर चुकते होई.

या पद्धतीत उणीव नव्हती असे मुळीच नाही. कौले माकडांनी हलविली की घर गळे. मातीच्या भिंतीत उंदीर, घुशी व वाळवी शिरे. दरवर्षी तेच काम पुन्हा करावे लागे, आणि ते करताना स्त्रियांची कंबर मोडून जाई. जुन्या घराचे कौतुक करताना हे विसरू नये. पक्क्या फरशीची हौस आपल्या आयाबहिणींना झाली ती श्रीमंती मिरविण्यासाठी नव्हे. रोजच्या सारवणातून सुटका हवी होती, आणि ती मागणी रास्तच होती.

चुन्याचे राज्य

वाडे, विहिरी, बारवा, घाट आणि देवळांचे शिखर यांचे बांधकाम चुन्यात होई. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवावयाचा, वाळू घालून बैलाच्या घाणीत दिवसचे दिवस मळावयाचा. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, तागाचे तुकडे असे पदार्थ कारागिराच्या परंपरेप्रमाणे पडत. कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले भाजूनही चुना करीत. हा चुना हवेतला तोच वायू पुन्हा शोषून सावकाश दगडासारखा होतो.

चुन्याचे दोन गुण विशेष सांगण्यासारखे आहेत. एक, तो थोडा मऊ राहतो, त्यामुळे भिंत किंचित बसली वा हलली तरी तो तुटून न पडता जुळवून घेतो. दुसरा, तो ओलावा कोंडून ठेवीत नाही. भिंतीत मुरलेले पाणी त्याच्यातून सावकाश बाहेर पडते. जुने गवंडी हे शास्त्रीय भाषेत सांगत नसत, पण चुन्याची भिंत श्वास घेते असे म्हणत. त्याचा मोठा अवगुण म्हणजे वेळ. चुना घाई सोसत नाही. आणि पुढे जग घाईचे झाले.

कौल, पत्रा आणि सिमेंट

घराच्या दुरुस्तीत बाहेरच्या जगाने पहिला मोठा हात घातला तो छपरावर. १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने साच्यात दाबून केलेल्या चपट्या कौलांचा कारखाना काढला. हीच आपली मंगळुरी कौले. एकमेकांत अडकणारी असल्यामुळे ती नळीच्या कौलांसारखी सरकत नाहीत आणि दरवर्षी परतावी लागत नाहीत. गलबतांतून ती कोकणच्या बंदरांत उतरली आणि हळूहळू शाळा, धर्मशाळा, देवळांचे सभामंडप व सामान्य घरे यांवर चढली. पन्हळी पत्रा त्याहून जुना. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर या अभियंत्याने १८२९ साली त्याचे पेटंट घेतले. पत्रा हलका, स्वस्त व झटपट. पण उन्हात तापतो आणि वादळात उडतो.

खरी क्रांती केली ती सिमेंटने. १८२४ साली इंग्लंडात लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने 'पोर्टलंड सिमेंट' या नावाने पेटंट मिळविले. घट्ट झाल्यावर ते पोर्टलंड येथील नामांकित दगडासारखे दिसते, म्हणून हे नाव. एका गवंड्याच्या हातून जगाचे बांधकाम बदलले, ही गोष्ट आपल्या गवंडी बांधवांनी अभिमानाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हिंदुस्थानात मद्रास येथे १९०४ साली एक प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. १९१४ साली पोरबंदर येथील कारखान्यातून सिमेंट निघू लागले आणि या धंद्याचा येथे खरा पाया पडला. १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन 'एसीसी' ही संस्था स्थापन झाली.

स्वातंत्र्यानंतर धरणे, पूल, कालवे यांना सिमेंट लागले, आणि घरबांधणीला ते सरकारी नियंत्रणाखाली परवान्यावर मिळू लागले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना दहा पोत्यांसाठी घातलेल्या खेपा आठवत असतील. १९८२ च्या फेब्रुवारीत हे नियंत्रण अंशतः उठले आणि १ मार्च १९८९ पासून पूर्णपणे गेले. त्यानंतर सिमेंट तालुक्याच्या दुकानात, मग गावच्या दुकानात आले. मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलांचे पैसे गावी येऊ लागले आणि 'स्लॅबचे घर' ही प्रतिष्ठेची खूण झाली.

सिमेंटने पुष्कळ दिले. विहिरी, टाक्या, शाळा, आरोग्यकेंद्रे त्याच्यामुळे उभी राहिली. पण ते आले तेव्हा त्याच्याबरोबर त्याची शिस्त आली नाही. सिमेंटला पाणी दोनदा लागते. कालवताना कमी आणि घट्ट झाल्यावर भरपूर. आपण बहुधा याच्या उलट करतो. थापीला सोपे जावे म्हणून पातळ कालवतो आणि नंतर दोन दिवस पाणी मारून सोडून देतो. निदान सात दिवस, शक्य तर त्याहून अधिक, स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे लागते. अठ्ठावीस दिवसांनी त्याची अपेक्षित ताकद धरली जाते. सळीवर काँक्रीटचे पुरेसे कवच नसेल, किंवा किनाऱ्यालगतच्या गावात खाडीची खारी वाळू वापरली असेल, तर सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. तो आतून काँक्रीट फोडतो आणि मग माजघरात जेवणाऱ्याच्या पानात छताचा पोपडा पडतो.

फरशीची कथा

जमिनीचा इतिहास तर फारच मनोरंजक आहे. शेणाच्या सारवणानंतर आली शाहाबादी फरशी. आज कर्नाटकात असलेले शाहाबाद पूर्वी निजामाच्या राज्यात होते. तेथील चुनखडीच्या दगडाचे थर सपाट निघतात, म्हणून तो फरशीला सोयीचा. आंध्रातील कडपा गावाच्या नावावरून ओट्याला 'कडप्पा' आला आणि राजस्थानातून 'कोटा' आला. गावांची नावे अशी आपल्या घराच्या जमिनीत जाऊन बसली.

शहरांत श्रीमंतांच्या घरी विलायतेहून नक्षीच्या रंगीत फरश्या येत. स्वदेशीच्या भावनेने १९२२ साली फिरोझशा व रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्सचा कारखाना सुरू केला. या फरश्या भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतून त्या दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात ठेवून पक्क्या करतात. कोकण, गोवा, मुंबई येथील जुन्या घरांत व मंदिरांत या जातीच्या फुलापानांच्या फरश्या कित्येक ठिकाणी शाबूत आहेत. पुढे चिनी मातीच्या चकचकीत टाइल्स आल्या. एच. अँड आर. जॉन्सन ही कंपनी १९५८ साली भारतात स्थापन झाली, आणि नंतर गुजरातेतील मोरबी हे टाइल्सचे फार मोठे केंद्र झाले. तेथून ट्रक भरून निघालेली टाइल आज वाडीवस्तीवर पोचली आहे.

टाइलचा मुख्य विजय झाला तो न्हाणीत. पूर्वी न्हाणी म्हणजे चार दगड, एक हंडा आणि बाहेर केळीच्या बुंध्याशी जाणारे पाणी. शौचकूप तर घराशी असूच नये अशी समजूत होती. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) हातात खराटा घेऊन स्वच्छता शिकविली. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) यांनी खेड्याला परवडेल असा संडास सिद्ध करून दाखविला. २००० साली गाडगेबाबांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि शौचालय हे घराच्या दुरुस्तीचे पहिले कलम ठरू लागले. गेल्या शंभर वर्षांत घरात झालेल्या सर्व बदलांत स्त्रियांच्या प्रतिष्ठेच्या व आरोग्याच्या दृष्टीने एवढा मोलाचा बदल दुसरा नसेल.

मात्र न्हाणीच्या टाइल्सइतका फसवा प्रकारही दुसरा नाही, कारण चूक टाइलखाली झाकली जाते. नेहमी आढळणारे अपघात सांगतो. टाइल बसविताना चार कोपऱ्यांना माल आणि मध्ये पोकळी ठेवली की वरून ठोकल्यावर टाइल बद्द वाजते, आणि बादली पडताच तडकते. जमिनीला उतार नसला, किंवा उतार मोरीच्या तोंडाकडे नसून उंबऱ्याकडे असला, तर आंघोळीचे पाणी माजघरात येते. चार-पाच फुटांत एक इंच उतार दिला तर हे टळते. सांधे भरले नाहीत तर पाणी खाली झिरपून शेजारच्या भिंतीला ओल धरते. आणि गुळगुळीत चकचकीत टाइल न्हाणीत घातली तर घरातले वृद्ध माणूस पडते व खुब्याचे हाड मोडते. न्हाणीत खरबरीत फरशीच हवी. भिंतीवर पाहिजे तेवढा चकचकाट करावा, तेथे कोणी चालत नाही.

किल्लारीने शिकविलेला धडा

येथवर सांगितले ते अपघात पैशाचे व गैरसोयीचे होते. आता जिवावरच्या गोष्टीकडे यावयाचे आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या परिसरात भूकंप झाला, त्यात सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. महाराष्ट्राची भूमी स्थिर आहे या समजुतीला तो पहिला धक्का होता. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असताना पहाटे चारच्या सुमारास लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे काही क्षणांत ढिगारा झाली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. धक्का सहाच्या थोडा वरचा होता. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि इतकी माणसे मरत नाहीत. मग येथेच का मेली?

तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा उत्तर घरांच्या बांधणीत व दुरुस्तीत सापडले. दगडी भिंती दोन-तीन फूट जाड होत्या, पण त्या एकसंध नव्हत्या. आतून एक पदर, बाहेरून एक पदर आणि मध्ये दगडगोटे व माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. धक्का बसताच पदर सुटले आणि भिंती पोट फुगून कोसळल्या.

दुसरे कारण वर होते. माळवद गळते म्हणून त्यावर मातीचा थर द्यावयाचा ही रीत आपण वर पाहिली. मूळ माती न काढता नवी माती पडत गेली. बापाने थर दिला, मुलाने दिला, नातवाने दिला. कित्येक घरांवर ही माती एक फुटापासून अडीच फुटांपर्यंत साचली होती. आता हिशेब करून पाहू. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तर साडेचार हजार किलो, म्हणजे साडेचार टन. नुसता एक इंच थर वाढला तरी पावणेचारशे किलो ओझे वाढते. घर गळू नये म्हणून केलेली दरसालची डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर साचत होती. हे कोणाच्या आळसाने झाले नाही. उलट जो घरधनी दक्ष, त्याच्या घरावर माती अधिक. हे वाचताना अंगावर काटा येतो.

आणखी एक गोष्ट तेथे दिसली. ज्या घरांत खणांचा लाकडी सांगाडा शाबूत होता, खांब व तुळया नीट जोडलेल्या होत्या, तेथे काही ठिकाणी भिंती बाहेर ढासळल्या तरी छप्पर खांबांवर उभे राहिले आणि आतली माणसे वाचली. जुन्या सुताराचे शहाणपण असे उपयोगी पडले.

भूकंपानंतर बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, आणि त्याहून कितीतरी मोठे काम झाले ते दुरुस्तीचे. जागतिक बँकेच्या साह्याने राज्य शासनाने हाती घेतलेल्या कार्यक्रमात सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व बळकटी घरमालकांच्याच पुढाकाराने करण्यात आली. गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया 'संवाद सहाय्यक' म्हणून पुढे आल्या. साहित्य कसे आणावे, भिंत कशी बांधावी हे त्यांनी घरोघर समजावले. जिने पिढ्यान्‌पिढ्या भिंत सारवली, तिच्याच हाती भिंतीची सुरक्षितता आली.

या बळकटीच्या कामातील उपाय साधे होते. माळवदावरची जादा माती काढून टाकणे. खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरके टेकू देऊन सांगाडा ताठ करणे. भिंतीला ठरावीक अंतराने छिद्रे पाडून त्यांत सळी व काँक्रीट घालून दोन्ही पदर एकत्र शिवणे. भिंतींच्या माथ्यावरून घराला सर्व बाजूंनी पट्टा बांधणे. पाहा, यातला पहिला उपाय काहीतरी घालण्याचा नसून काढण्याचा आहे, आणि उरलेले तीन जोडण्याचे आहेत.

भूकंपानंतर त्या भागातल्या पुष्कळ लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला. हे स्वाभाविक होते, परंतु दोष दगडाचा नव्हता. जोड नसलेल्या भिंतीचा व साचलेल्या ओझ्याचा होता. काँक्रीटचे घरही याला अपवाद नाही. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक चार मजली इमारत कोसळून सतरा माणसे मरण पावली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत इमारतीच्या खांबांना धक्का लागल्याचा आरोप त्या वेळी झाला. खांब लाकडाचा असो वा सिमेंटचा, तो दिवाणखान्यात आड येतो म्हणून काढावयाची वस्तू नव्हे.

देवळाकडे परत

आता पुन्हा देवळाकडे येऊ. आपल्याकडची प्राचीन मंदिरे, ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो, ती घडीव दगड एकमेकांत अडकवून उभी आहेत. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चे, आज साडेनऊशेहून अधिक वर्षे ते उभे आहे. मंदिरांचा जीर्णोद्धार हीही जुनीच परंपरा. अहिल्याबाई होळकर यांनी काशी विश्वेश्वर, वेरूळचा घृष्णेश्वर आणि देशभरातील किती मंदिरे, घाट व धर्मशाळा यांचे काम केले हे सर्वश्रुत आहे.

गेल्या पन्नास वर्षांत मात्र घराची हौस देवळात शिरली. काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढला. दगडी जमिनीवर टाइल्स आल्या, गाभाऱ्याला चकचकीत ग्रॅनाइट लागले, चुन्याच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. भाव चांगला होता, देवाचे घर आपल्या घरापेक्षा सुंदर दिसावे हाच. परिणाम मात्र विपरीत झाला. दगडात मुरलेले पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडे. सिमेंट व रंग यांनी वाट बंद केल्यावर ते दगडातच कोंडले आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागले. सिमेंट दगडाला वाचवीत नाही. पुष्कळदा सिमेंट टिकते आणि शेजारचा दगड झिजतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या पंढरीचे आहे. श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या संवर्धनाचे काम २०२४ साली हाती घेतले, तेव्हा मार्चपासून मे अखेरपर्यंत पदस्पर्शदर्शन बंद ठेवून केवळ मुखदर्शन सुरू होते. पूर्वी बसविलेले ग्रॅनाइट व फरश्या काढून दगडाचे मूळ रूप पुन्हा उघडे करण्यात आले. वारकऱ्यांनी ही गैरसोय सोसली. याच कामाच्या वेळी मे महिन्याच्या अखेरीस मंदिरातील एका जागी फरशीखाली तळघर आढळले आणि त्यातून काही मूर्ती निघाल्या. आपण ज्याला सजावट म्हणतो, ती कधी कधी वारसा झाकीत असते. ती हौस पुरवायला खर्च आला, आणि ती काढून टाकायलाही आला.

तात्पर्य

या सर्व इतिहासातून घरधन्याला, गवंड्याला आणि देवस्थानच्या विश्वस्तांना उपयोगी पडतील अशा चार गोष्टी निघतात.

पहिली, आधी पाणी पाहावे. ओल, पोपडे, भेग यांच्या मुळाशी बहुधा पाणीच असते. गळकी पन्हळ, तुंबलेली मोरी, ओट्याशी साचलेले डबके नीट केल्याशिवाय वरून गिलावा करणे म्हणजे गळवावर पावडर लावण्यासारखे आहे.

दुसरी, नवे घालण्यापूर्वी जुने किती चढले आहे ते मोजावे. फरशीवर फरशी, मातीवर माती, जुन्या भिंतीवर नवा मजला, त्यावर पाण्याची टाकी. हजार लिटरच्या टाकीत एक टन पाणी असते, हे टाकी चढविताना कोणी म्हणत नाही.

तिसरी, जुन्याला जुन्याच्या जातीचे औषध द्यावे. चुन्याच्या भिंतीला चुना, मातीच्या भिंतीला माती, सिमेंटच्या कामाला सिमेंट. चुन्याची कामे जाणणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. जे आहेत त्यांच्या हाताखाली गावातल्या एक-दोन तरुणांनी शिकून घेतले, तर ती विद्या गावात राहील.

चौथी, खांब, तुळई व भार घेणारी भिंत यांना जाणत्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. नळासाठी झिरी पाडतानाही विचारावे. हौसेने स्वतः रंग द्यावा, कट्टा बांधावा, फळी ठोकावी. आपल्या हाताने घर सजविण्यात मोठा आनंद आहे आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तो आयुष्यभर घेतला. मात्र ज्याच्यावर घर उभे आहे, त्याच्याशी खेळू नये.

देणगीदार बंधुभगिनींना शेवटी एक नम्र विनंती आहे. देणगीचा फलक टाइलवर किंवा कमानीवर दिसतो. पन्हळ साफ केल्याचा, पाया कोरडा राखल्याचा, जादा ओझे उतरविल्याचा फलक कोठेच लागत नाही. तरी मंदिर टिकते ते या न दिसणाऱ्या कामांवर. संत बहिणाबाईंनी वारकरी पंथाला इमारतीची उपमा दिली, तेव्हा पायापासून कळसापर्यंत एकेकाचे काम मोजले. आपणही कळसाच्या देणगीबरोबर पायाची व पन्हळीची आठवण ठेवावी. मंदिराच्या दरसालच्या देखभालीसाठी थोडी रक्कम वेगळी काढून ठेवावी. मृगापूर्वी एक दिवस सर्व गावाने जमून मंदिराचे छप्पर, पन्हळी व ओवऱ्या तपासाव्या, आणि त्याच दिवशी प्रत्येकाने आपल्या घराच्या माथ्यावर चढून वर काय साचले आहे ते एकदा डोळ्यांनी पाहावे.

देवाचे घर व आपले घर ही दोन्ही नांदती राहोत, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.